महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचा रिव्ह्यू, आणि त्याआधी वाया गेलेले 36 तास

शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला आमचा कंडोम फाटला. एवढं सरळ लिहितेय कारण पुढचं सगळं त्या वेळेपासून मोजायचंय. मुलगी आठ महिन्यांची, सिझेरियनची, अंगावर पिते, वरचं नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात सुरू झालाय, आणि माझी पाळी गेल्याच महिन्यात परत चालू झालेली. दुसरं मूल इतक्यात नकोय, ते आम्हा दोघांचं आधीच ठरलेलं. त्यामुळे घाबरायचं काही नव्हतं खरं तर, सकाळी उठून मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची, विषय संपला, असंच दोघांना वाटलं. पुण्यात राहतो, धायरीला, घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर सहा-सात मेडिकल आहेत, अडचण कसली येणार?

रविवारी साडेनऊला पहिल्या दुकानात गेले. गर्दी होती, माझ्या मागे तीन-चार जण उभे. काउंटरवरच्या मुलाला हळूच म्हणलं, दादा ती इमर्जन्सीची गोळी द्या ना, 72 तासवाली. तो आत वळून जोरात ओरडला, "शेठ, ते पाडायचं औषध ठेवतो का आपण?" शेठ आतूनच, "नाय नाय, ते आपण ठेवत नाय, एफडीएची लफडी नकोत." (एफडीए म्हणजे मेडिकलवाल्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं.) बाळ कडेवर, मागे माणसं, माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी तिथून निघाले. तिथेच उभं राहून त्याला सांगायला हवं होतं की दादा, तुम्ही म्हणताय ते औषध वेगळं आणि मी मागतेय ते वेगळं. सुचलंच नाही तेव्हा.

म्हणून इथे सांगते, कारण हा घोळ फक्त त्या पोराचा नाहीये, नंतर डॉक्टरांच्या तोंडूनही तेच ऐकलं. गर्भपाताच्या गोळ्या म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, त्या दिवस राहिल्यावर देतात, डॉक्टरशिवाय घ्यायच्या नसतात, आणि त्यांच्यावर आपल्याकडे कडक नजर आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली निघाल्या, तेव्हापासून मुलगी नको म्हणून होणारे गर्भपात रोखायला त्या गोळ्यांच्या विक्रीवर धाडी, हिशोब, नोटिसा सुरू झाल्या आणि बऱ्याच मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं. आणि ही जी आपण सगळे सरसकट आयपिल म्हणतो, म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलीग्रॅमची एक गोळी, ती दिवस राहूच नयेत म्हणून असते. बीज बाहेर पडायचं असतं ते ती पुढे ढकलते, बस. आधीच दिवस राहिले असतील तर ती काहीही करत नाही, गर्भ पडत नाही आणि त्याला अपायही होत नाही. 2005 पासून हे औषध भारतात बिनचिठ्ठीचं मिळतं. वीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला.

दुसरं दुकान मोठं, चौकातलं. भिंतीवर लायसन्स फ्रेममध्ये, खाली स्वतः फार्मासिस्ट काका बसलेले, वागायला अतिशय सज्जन. त्यांनी नाव ऐकलं, ड्रॉवर उघडला, खोका काउंटरवर ठेवला. मी पर्स उघडली तेवढ्यात त्यांचं लक्ष बाळाकडे गेलं. "ताई, बाळ अंगावर पितंय का?" हो म्हणलं. "मग नाही देता येणार. दुधातून जातं. डॉक्टरची चिठ्ठी आणा." आणि खोका परत ड्रॉवरमध्ये. हातभर अंतरावर होती गोळी. मला त्यांचा राग नाही आला, उलट वाटलं बरं झालं यांनी विचारलं, नाहीतर बाळाला काहीतरी झालं असतं. दहा तास झाले होते तेव्हा.

माझी डिलिव्हरी झाली तिथल्या क्लिनिकला फोन लावला, रविवार म्हणून डॉक्टर नव्हत्या, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही फीडिंग करताय ना? मग टेन्शन नका घेऊ, फीडिंगमध्ये दिवस राहत नाहीत." मी म्हणलं अगं पाळी चालू झालीये माझी. ती म्हणाली, तरी नाही राहत. मग एका ॲपवर पैसे भरून डॉक्टरशी बोलले, चार मिनिटं जेमतेम. ते म्हणाले गोळी घेऊ शकता, पण तीन दिवस बाळाला दूध बंद करावं लागेल. तीन दिवस!

त्या रविवारची दुपार मला विसरता येणार नाही. नवऱ्याने पावडरचं दूध आणलं, बाटली उकळली, मी बाजूच्या खोलीत जाऊन बसले म्हणजे तिला माझा वास यायला नको. तिने बाटलीचं बूच तोंडात घेतलं की जीभ बाहेर काढायची आणि रडायची, रडून रडून तिचा आवाज बसला, इकडे माझे कपडे ओले. दीड तासाने मी दार उघडून तिला घेतलंच. म्हणलं गोळी गेली खड्ड्यात. म्हणजे बघा, गोळी बाजारात होती, आमच्याकडे पैसे होते, नवरा सोबत होता, आणि एका चुकीच्या वाक्यामुळे मी ती न घेण्याचं ठरवून टाकलं होतं.

सोमवारी सकाळी तरीही राहवेना, म्हणून कॉलनीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. चांगले आहेत, सर्दी-तापाला आम्ही त्यांच्याकडेच जातो. ते म्हणाले, "ही गोळी आयुष्यात एकदाच घ्यायची असते, दोनदा घेतली की पिशवी खराब होते, पुढे मूल राहत नाही. आणि तशी ही गर्भपाताचीच गोळी आहे, मी नाही देत." इतक्या ठामपणे बोलले की माझी उलट विचारायची हिंमतच झाली नाही.

घरी आले तर स्वयंपाकाच्या मावशी आलेल्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "एवढंच ना? आमच्या सिस्टरकडे जावा की. माझी तांबी त्यांच्याच दवाखान्यात बसवली. पन चला लगोलग, एकला बंद करत्यात." तांबी म्हणजे गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी. गॅस बंद करून त्या माझ्याबरोबरच निघाल्या.

आता खरा रिव्ह्यू इथून.

महापालिकेचा दवाखाना, बाहेरून रंग उडालेला, आत लसीकरणाच्या बायका-पोरांची रांग, पंखा एकच आणि तोही आवाज करणारा. केसपेपर काढला. सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. मावशींनी ओळख करून दिली आणि सिस्टर मला आतल्या पडद्यामागच्या खुर्चीवर घेऊन गेल्या. मी नेहमीप्रमाणे हळू आवाजात, इकडेतिकडे बघत सांगायला लागले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी?"

मला एकदम कसंतरी झालं. कारण शनिवारी रात्रीपासून मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. बाळ पितंय का ते विचारलं, लग्न झालंय का ते ॲपवाल्या डॉक्टरांनी विचारलं. कधी झालं हे कुणीच नाही. आणि या गोळीचं सगळं काम वेळेवर चालतं!

म्हणलं, शनिवारी रात्री साडेअकरा. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, बारा वाजले होते. "साडेछत्तीस तास," म्हणाल्या. "पाळी कधी आली होती?" मंगळवारी, त्याच्या आधीच्या आठवड्यात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनच्या टोपणाने त्यांनी एकेक दिवस मोजला. "शनिवार म्हणजे बारावा दिवस. अगं बाळा, हेच तर दिवस आहेत. तुझी पाळी आत्ताच सुरू झालीये, तिचा भरवसा नाही, पण साधारण या चार-पाच दिवसांतच बीज बाहेर पडतं." मग पुढचे प्रश्न, भराभर, एकही फालतू नाही. टीबीची औषधं चालू आहेत का? फिट्सची? या पाळीत याआधी कधी असं झालंय का? गेल्या महिन्यातली पाळी नेहमीसारखी आली होती ना? उलटीचा त्रास होतो का गोळ्यांनी?

टीबीचं का विचारता म्हणलं, तर म्हणाल्या रिफाम्पिसिन चालू असेल तर ते यकृताला या गोळीतलं हार्मोन लवकर मोडायला लावतं, मग एका गोळीने भागत नाही, दोन द्याव्या लागतात नाहीतर तांबी बसवावी लागते. फिट्सच्या काही औषधांचंही तसंच, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन. आपल्याकडे टीबीचे पेशंट किती आहेत हे सगळ्यांना माहितीये, घरटी नाही तरी गल्लीत एक तरी असतोच. मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारताना मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

मी विचारलं, आणि दूध? सिस्टर म्हणाल्या, "दुधाचं काय? पाज की. आत्ता गोळी घे आणि बाहेर जाऊन पाज." तीन दिवस बंद करायला सांगितलंय म्हणल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत त्या डॉक्टरांबद्दल, मला ते फार आवडलं. एवढंच म्हणाल्या, "तिला उपाशी नको ठेवूस गं."

आणि दूध पाजताना दिवस राहत नाहीत, त्याचं काय? तेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, दिवसरात्र फक्त अंगावरचंच पिणारं हवं, आणि आईची पाळी परत आलेली नसावी. तिन्ही असेल तरच त्याचा आधार धरायचा. माझ्याकडे तिन्हीतलं एकही नव्हतं आणि मी रविवारभर त्या रिसेप्शनिस्टच्या वाक्यावर अर्धा विश्वास ठेवून बसले होते.

कपाटातून त्यांनी सरकारी पाकीट काढलं, ईझी पिल लिहिलेलं, एकच गोळी. औषध तेच, 1.5 मिलीग्रॅम, मेडिकलमधल्या शंभरच्या आसपासच्या गोळीत असतं तेच. इथे फुकट. गावाकडे आशाताई घरपोच देतात ती दोन रुपयांत, हेही त्यांनीच सांगितलं, मला माहीतच नव्हतं, माझं माहेर वाईजवळचं असून! एक्स्पायरी मला वाचायला लावली. स्वतःच्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतून दिलं आणि म्हणाल्या, इथेच घे, माझ्यासमोर, घरी नेऊन मग बघू असं करू नकोस. घेतली. दोन तासांत उलटी झाली तर परत ये, दुसरी देते. पुढची पाळी चार-आठ दिवस मागेपुढे होऊ शकते, मध्ये थोडं डाग लागल्यासारखं होईल, घाबरू नकोस. आठवडा उलटून गेला तरी आली नाही तर तपासणी कर. आणि ही गोळी मागच्या शनिवारसाठी आहे, पुढच्या शनिवारसाठी नाही, ते लक्षात ठेव.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला कुणीच, म्हणजे माझ्या डिलिव्हरीच्या डॉक्टरांनीही कधी सांगितलेली नव्हती. खोक्यावर 72 लिहिलंय म्हणून बायका तिसऱ्या दिवशी येतात, त्यांना वाटतं 72 तास सगळे सारखेच. तसं नसतं, जितकी लवकर तितकी बरी. आणि बीज आधीच बाहेर पडलेलं असेल किंवा पडायच्या अगदी बेतात असेल तर गोळीला करण्यासारखं काही उरतच नाही. तुझा चौदावा दिवस चालू आहे, म्हणून मला नुसत्या गोळीवर थांबायचं नाहीये. तांबी पाच दिवसांत बसवली तर ती याच्याहून कितीतरी पक्की, शंभरात एखादीलासुद्धा दिवस राहत नाहीत. आमच्या डॉक्टर मॅडम बुधवारी येतात, बुधवारी ये. गुरुवार रात्रीपर्यंत तुझे पाच दिवस आहेत.

मी दहा मिनिटं होते तिथे फार तर. त्यात एकदाही त्यांनी नवऱ्याचं नाव, लग्नाचं वर्ष, मूल किती, घरच्यांना माहितीये का असलं काही विचारलं नाही. रजिस्टरमध्ये लिहायला लागतं तेवढं विचारलं, बस.

बुधवारी गेले. मॅडमनी तपासलं, अंगावर पांढरं जातं का, ओटीपोटात दुखतं का विचारलं, आणि तांबी बसवली, कॉपर-टी 380ए, दहा वर्षांची, हीसुद्धा फुकट. बसवताना कळ आली, खोटं सांगत नाही, आणि दोन दिवस पाळीसारखं दुखलं. वजन जास्त असेल तर गोळीचा भरवसा जरा कमी होतो, तेव्हाही तांबी बरी, हे मॅडमनी सांगितलं, माझं 74 आहे म्हणून. मी त्यांना फॅमिली डॉक्टरांचं वाक्य विचारलं, आयुष्यात एकदाच. त्या म्हणाल्या असं काही नाही, गोळीने मूल राहायचं बंद होत नाही, पिशवी खराब होत नाही, गरज पडली तर परत घेता येते. पण दर वेळी हीच घेत बसायचं नाही कारण रोजच्या साधनांपेक्षा ही कमी पक्की, आणि पाळीचं वेळापत्रक पार बिघडतं. हे वाक्य समजायला किती सोपं आहे. "धोकादायक आहे" आणि "याच्यापेक्षा चांगलं दुसरं आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पहिलं ऐकून बाई घरी जाऊन गप्प बसते.

पाळी चार दिवस उशिरा आली. आली त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभं राहून चहा प्यायलो, बोललो काहीच नाही.

मला यातलं एक सारखं खुपतंय. मी तेहतीस वर्षांची, लग्न झालेली, शिकलेली, नवरा बरोबर, हातात पैसे. माझे 36 तास गेले. माझी मामेबहीण एकोणीस वर्षांची आहे, हॉस्टेलवर राहते. पहिल्या दुकानात ते "पाडायचं औषध" ऐकल्यावर ती दुसऱ्या दुकानात गेली असती का? आणि जिच्यावर जबरदस्ती झालीये तिने तर कुठल्या तोंडाने काउंटरवर जायचं? तिच्यासाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने 2014 मध्ये नियमावली काढली, तिच्यात ही गोळी देणं उपचाराचा भागच आहे आणि उपचार फुकट करणं खाजगी दवाखान्यालासुद्धा बंधनकारक आहे. पण ते कागदावरून तिच्यापर्यंत पोचणार ते समोरच्या माणसाच्या तोंडून. त्याला माहीतच नसेल तर?

परवा मी त्या दुसऱ्या दुकानात परत गेले, चौकातल्या फार्मासिस्ट काकांकडे. भांडायला नाही. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. सांगितलं, काका, त्या दिवशी तुम्ही गोळी परत ठेवलीत ना, ती अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते, दूध बंद करावं लागत नाही. आधी त्यांना पटेना. मग ड्रॉवरमधून खोका काढून आतला कागद उलगडला, मोबाइलचा टॉर्च लावून तो बारीक इंग्रजी मजकूर वाचायचा प्रयत्न केला, दोघांनाही नीट दिसेना. मग म्हणाले, "ताई, मी 1994 चा डी. फार्म. तेव्हा ही गोळी आम्हाला शिकवायला नव्हतीच. नंतर कंपनीचा माणूस येतो तो दहावर एक फ्री एवढंच सांगून जातो. आणि बायका काय करतात, नाव घेत नाहीत, नुसतं बोट दाखवतात, आम्ही पिशवीत घालून देतो. विचारायचं काय आणि कसं?" खरं बोलत होते. पुरुष माणसाने काउंटरवर पाळीची तारीख कशी विचारायची, हा त्यांचा प्रश्न मला खोटा वाटला नाही. मी म्हणलं तारीख नका विचारू, "कधी झालं आणि दुसरं कुठलं औषध चालू आहे का" एवढंच विचारा, आणि पाच दिवसांच्या आत तांबी बसवता येते हे सांगा.

त्यांनी बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. रिफाम्पिसिनचं खरं का, म्हणून दोनदा विचारलं. मग तो कागद काउंटरच्या काचेखाली त्यांच्या बाजूने सरकवला. पुढच्या बाईला ते विचारतील की नाही ते बघायला मी असणार नाही, पण कागद आहे तिथे.

तर स्टार द्यायचे झाले तर गोळीला पाचपैकी चार, ती जे करते ते करते, फक्त खोक्यातला कागद मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात पाहिजे. पहिल्या दुकानाला, क्लिनिकच्या फोनला, ॲपला काही द्यायची इच्छा नाही. सिस्टरांना पाचपैकी पाच. दवाखान्याला साडेचार, अर्धा कापला कारण तो रविवारी बंद असतो आणि रोज एकला बंद होतो. रविवारी सकाळी उघडा असता तर माझे 36 तासांचे दहाच झाले असते. जाणार असाल तर बाराच्या आत जा, पाळीची तारीख आठवून जा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, आणि आत जाऊन सरळ सांगा. पडदा आहे तिथे.